घटातला विलायती पाला

१० सप्टेंबर, बुधवार

मनगट आज जरा बरं. डॉक्टरानं सांगितलंय, रोज चार ओळी लिवा, बोटं मोकळी हुतील. तर ह्या चार ओळी. पोराचं नाव प्रवीण, सुनंचं स्नेहल. पुढं नुसतं प्र. आणि स्ने. पुरी नावं लिवा म्हणून डॉक्टरानं सांगितलेलं न्हाय.

प्र. चा पुण्यातनं फोन. परत त्येच. "आई, दिवाळीला येतो, सामान बांधून ठेव. घराला भाडेकरू बघितलाय." इचारणं न्हायच, नुसतं सांगणं. जुलैत गच्चीच्या जिन्यावरनं पडलो, मनगट मोडलं, आणि पोराला आयतंच निमित्त गावलं. सातव्या मजल्यावर ऱ्हायचं म्हणं. तितं लिफ्टमधली एक बाई मला इचारती, "काकू, तुम्ही बाई असून जातो-येतो काय म्हणता?" म्हटलं, आमच्या कोल्हापुरात बायका अशाच जात्यात. आणि माघारी येत्यातबी.

मग माझं तोंड सुटलं. स्ने. माझ्या सेवेला आलती तवा लेटूसच्या बियाची पुडी इसरून गेल्या. पुण्यात तिच्या गॅलरीत एक पान उगवलं न्हाय. प्र. ला म्हटलं, "तुझ्या बायकूला जमलं न्हाय ते मी मोडक्या हातानं करून दावतो. दिवाळीला ताट भरून त्यो विलायती पाला तुमास्नी खाऊ घातला तर मी ह्या घरातनं हलणार न्हाय. न्हाय जमलं तर बोचकं बांधून गुमान येतो."

प्र. हसला. हसला तवाच राग आला मला.

"कबूल. पण एक अट. जिना चढायचा न्हाय. एक पायरी चढलीस तरी पैज बाद."

कबूल म्हणून बसलो. स्ने. पंच.

११ सप्टेंबर, गुरुवार

बी कसलं, जिऱ्याच्या पोटची पोरं. फुंकर मारली तर गल्लीत जातील.

अर्धी पुडी कोमट पाण्यात भिजवली, मटकीगत फडक्यात बांधली, डब्यात घालून गॅसच्या शेजारी उबेला ठेवली. मोड आणायला मला कोण शिकवणार? नेसरीत माझ्या आईच्या घरी न्याहारीला रोज मोडाचं काय तरी असायचंच.

शेजारची हसीनाभाबी दारात साडीला फॉल लावत बसलेली. खिडकीतनं बगून म्हणती, "मालन, गवताची उसळ करणार काय गं?"

"व्हय. पयली वाटी तुझ्या शेरडीला."

१४ सप्टेंबर, रविवार

बोचकं सोडलं. नाक धरलं. बुळबुळीत गोळा नुसता, मोड एकालाबी न्हाय. मटकी असती तर एव्हाना शेपट्या फुटल्या असत्या. उबेला ठेवून नासतं असलं बी पयल्यांदाच बगितलं.

शकूचा फोन. शकू म्हंजे धाकटी जाऊ, मुडशिंगीला असती. "आक्का, पितरपाखात कोण नवं काय सुरू करतं व्हय? भाऊजींच्या जिवाला बरं वाटलं नसंल."

म्हटलं, "तुझ्या भाऊजींनी जल्मात कोथिंबिरीशिवाय पाला ओळखला न्हाय. ते कशाला आडवं येत्यात."

पण फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. अर्धी पुडी गेली.

स्ने. ला इचारलं, बाई काय चुकलं? "आत्ती, मी पंच हाय. सांगायचं न्हाय मला." मग हळूच, "एवढंच सांगते, मी एप्रिलात पेरलेलं." आणि ठेवला.

एप्रिल. त्येचं काय?

१५ सप्टेंबर, सोमवार

कपडं भिजवायचा जुना टब. परसात ठेवला. उरलेल्यातलं निम्मं बी पेरलं. वालाला करतो तसं बोट खुपसून भोकं केली, वर शेणखत दाबून बसवलं. डाव्या हातानं.

भाबी कमरेवर हात ठेवून बगत हुती. "पेरलंस का पुरलंस गं?"

२० सप्टेंबर, शनिवार

पुरलंच.

आज राहवलं न्हाय, उकरून बगितलं. बी कुटं आणि खत कुटं कळंना.

प्र. चा व्हिडिओ फोन. "काय, उगवलं का?"

"उगवतंय की."

"दाव की मग."

"नजर लागंल."

हसला. दसऱ्यानंतर भाडेकरू घर बगायला येणार म्हणाला. आपलं घर लोक येऊन बगणार, नळ सोडून बगणार, मोरीत वाकणार. जेवण गेलं न्हाय.

उरलंय ते एक चिमूट.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावस्या

उद्या घट बसणार. गेल्या साली वर्ष निगालं न्हवतं म्हणून घरात घट न्हवता. मालक गेल्यानंतरचा ह्यो पयलाच.

शकूचा फोन. "आक्का, वाईट वाटून घेऊ नको. पण आता घट तुझ्या हातनं नको. मी येऊन पेरती."

ह्या घरात लग्न होऊन आलो तवापासनं घट मीच पेरला. शकूला पत्रावळीवर माती कशी पसरायची तेबी मीच दावलंय. आता माती मी आणायची, चाळायची मी, पत्रावळ मी, गहू निवडायचं मी. नुसती मूठ तिची.

रडलो न्हाय. चिडलो. चिडलं की मला खोड्या सुचत्यात.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

शकू आली. नवी साडी. देवघरात बसली पुढं, मी मागं, भिताडाला टेकून. पावण्यागत. तिनं गहू, जोंधळा, करडई सगळं पेरलं, माती भुरभुरली, मधी घट ठेवला, दिवा लावला. "आक्का, तांब्या इसरला," म्हणून उठून सैपाकघरात गेली.

माझ्या मुठीत ती शेवटची चिमूट हुती.

उघडली मूठ. सगळ्या मातीवर फिरवली. वर माती टाकायची हुती, पण शकूच्या जोडव्यांचा आवाज आला आणि मी माघारी येऊन भिताडाला टेकलो. तोंड असं केलं जसं काय देवीला गाऱ्हाणं सांगतोय.

घटाला माझाबी हात लागला. बी उगवो न उगवो.

(उगवलं पायजे पण. आता दुसरं न्हाय.)

२५ सप्टेंबर, गुरुवार

गव्हाची पिवळी टोकं वर आल्यात. आणि त्यांच्या पायाशी हिरवं. दोन दोन पानं, टाचणीच्या डोक्याएवढी. आधी वाटलं डोळ्याला भास झाला. चष्मा पुसला. परत बगितलं.

आली ती.

आता कळलं एप्रिलाचं. ह्येला ऊब नको. देवघरातली जमीन गार, माती ओली, वरनं काय दडपलेलं न्हाय, आणि उजेड दिव्याचा न् खिडकीचा. मी मेलीनं उबेला ठेवून उकडलं, मग खतात पुरलं.

कुणाला सांगताबी येईना.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. पंचमी

शकू पंचमीला आली, ती संगं दोन मुडशिंगीच्या बायका घिऊन. घटापुढं बसली आणि म्हणाली, "आगं बया. आक्का, घटात तण?" आणि घातला की हात उपटायला!

"हात लावू नको!" असं वराडलो की भाबी शेजारनं पळत आली.

"का?"

काय सांगू? सुचंल ते बोललो. "देवीनं दिलंय ते. आपण कुटं पेरलंय?"

शकूनं हात माघारी घेतला. खाली वाकून बगितलं. "खरंच की. असलं पान कदी बगितलं न्हाय." हात जोडलं. त्या दोघींनीबी जोडलं. मग एकीनं करंडा घेतला आणि माझ्या रोपांवर हळद टाकली. दुसरीनं कुंकू.

मी बगतच ऱ्हायलो. आडवं यावं तर खोटं उघडं पडणार.

भाबी दारात, तोंडाला पदर लावून हसत्या. तिला सगळं ठाऊक.

गेल्यावर चमच्याच्या टोकानं एकेक पान फुंकून साफ केलं. तासभर.

२८ सप्टेंबर, रविवार

गल्लीतल्याबी बाया बगायला येत्यात. शकूनं सगळ्या मुडशिंगीला फोन केलेत वाटतं. म्या देवघराच्या दारात पाट टाकून बसकण मारल्या. लांबनं बगा, लांबनं. एक म्हातारी म्हणाली, नातवाला बरं न्हाय, एक पान द्या. तिला साखर दिली आणि डॉक्टराकडं न्ह्यायला सांगितलं. खोट्याचं ओझं व्हाय लागलंय.

यंदा नवरात्र एक दिवस जास्त. त्येबी यंदाच.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

दसऱ्याला घट उठतो, उगवलेलं उपटून कुणी टोपीत खोवतं, कुणी अंबाड्यात, शेजारी-पाजारी वाटतं. शकू येऊन सगळंच उपटणार, म्हणून ती यायच्या आदीच चमच्यानं मातीसकट रोपं काढली. दोन टबांत लावली. वर ओलं फडकं.

शकू आली. "देवीचं पान कुटं गेलं आक्का?"

"लावलं. देवीनं दिलेलं मोडायचं नसतं, वाढवायचं असतं."

पटलं तिला. पण चार-दोन रोपं गव्हाच्या मुळात ऱ्हायलीच हुती. ती शकूच्या अंबाड्यात बसून मुडशिंगीला गेली. यष्टीत बसताना अंबाडा हालला तसा माझा जीव हालला.

४ ऑक्टोबर, शनिवार

परसात ऊन येत न्हाय. रोपं लांबून लांबून आडवी पडाय लागली, उपाशी माणसागत. म्हणून टब पुढच्या कट्ट्यावर ठेवलं. देवपूजा करून येतोय तर भाबीची शेरडी कट्ट्यावर उभी, तोंड टबात.

काठी घिऊन धावलो. एका टबातला निम्मा पाला गेला.

भाबीला बोललो, नको ते बोललो. भाबीबी ऐकून घेणाऱ्यातली न्हवं. "माझ्या जनावराला कट्टा ठाऊक हाय, तुझा पाला ठाऊक न्हाय. आणि पयली वाटी शेरडीला म्हणून कोण म्हणालतं?"

मीच म्हणालतो.

संध्याकाळी तिनंच वाटीत शिरखुर्मा पाठवला. शेरडीनं पाठवलाय म्हणाली.

५ ऑक्टोबर, रविवार

आता ऊन हाय आणि शेरडी न्हाय अशी जागा एकच. गच्ची.

मी चढायचं न्हाय. भाबीचं गुडघं गेलेलं. तिचा पोरगा सलीम टरक घिऊन गोव्याला जातो, तो आज घरात हुता. त्यानं दोन्ही टब उचलून वर टाकीच्या सावलीला नेऊन ठेवलं. "मावशी, सकाळचं ऊन लागंल, दुपारी सावली. फस्क्लास."

पैज काय मोडली न्हाय. मी जिन्याखाली उभा हुतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सलीम काल पाणी घालून गोव्याला गेला. आज ऊन ऑक्टोबरचं. परसातनं मान वर करून बगितलं तर काय दिसत न्हाय, नुसतं टबाचं एक टोक आणि त्यावरनं लोंबणारं एक पान. मेल्यागत.

कुणाला सांगू? गल्लीत सगळी कामाला गेलेली.

जिन्यापाशी गेलो. माघारी आलो. परत गेलो. लोखंडी जिना, मधली पायरी वाकडी, तितनंच जुलैत गेलतो. तिच्याकडं बगितलं की मनगटात कळ येती.

चहाची किटली भरली. पायरीवर बसलो, आणि बसूनच चढलो, ढुंगणानं एकेक पायरी, किटली मांडीत. लहान पोरं उतरत्यात तसं, उलटं. वाकड्या पायरीवर डोळं मिटलं.

वर गेलो. पाणी घातलं. संध्याकाळपातूर पानं उभी ऱ्हायली असणार. मी उतरतानाबी बसूनच.

म्हंजे पैज मोडली. आज, मंगळवारी. हितं लिवतो, दुसरीकडं कुटं न्हाय.

८ ऑक्टोबर, बुधवार

गेलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. सकाळ-संध्याकाळ. भाबी खाली उभी ऱ्हाती, पडलो तर झेलणार म्हणं. दोघी मरू की गं, म्हटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

वर हुतो आणि प्र. चा व्हिडिओ आला. न्हाय उचलला तर भाबीला करणार, मग सलीमला, मग गल्लीभर. टाकीमागं बसलो, पदर डोक्यावरनं पुढं ओढला, उचलला.

"कुटं हाईस? मागं पांढरं काय हाय?"

"भिताड. मोरीत हाय. कपडं धुतोय."

"मोरीत एवढा उजेड?"

"नवा बल्ब टाकलाय."

तेवढ्यात एक कावळा टाकीवर बसून वराडला.

"आई, मोरीत कावळा?"

"खिडकीत बसतोय मेला रोज." आणि बंद केला. पुण्यातल्या हापिसात बसून पोरगं काय समजायचं ते समजलं असंल का? का न्हाय? परत फोन आला न्हाय, त्येचीच भीती वाटती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारनंतर आभाळ आलं. वारा, ढगांचा आवाज, मग थेंब असलं मोठं. टाकीची सावली उनाला, पावसाला न्हाय. पानं बोटभर झाल्यात, कोवळी, फाटून चिखलात जातील.

भाबी कुंपणावरनं वराडती, "मालन, जाऊ नको. लोखंड वलं हाय. तुला माझी शपथ."

गेलो. कणगीवरची ताडपत्री खांद्यावर टाकून. वर जाऊन झाकलं, चारी बाजूला विटा ठेवल्या. उतरताना वाकड्या पायरीवर पाय सरकला. कठडा धरला. धरला तो मोडक्या हातानं.

पडलो न्हाय. पण मनगटात कायतरी कडकन झालं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

डाव्या हातानं लिवतोय. डॉक्टर म्हणाला हाड शाबूत, शीर दुखावल्या. काय उचललं, इचारलं. म्हटलं, हंडा. हळद लावून बांधलाय.

सबंध दिवस पडून हुतो. वर गेलो न्हाय. झाकायच्या आदी पावसानं पाणी घातलेलंच हाय.

प्र. चं खोटं न्हाय. काल कठडा हाताला लागला नसता तर भाबी त्या गुडघ्यानं मला उचलणार हुती थोडी. पोराला मी काळजी म्हणून कदी धरलंच न्हाय, नुसता वैरी धरला. पण म्हणून सातवा मजला? तितं मी पडणार न्हाय, ते खरं. उभाबी ऱ्हाणार न्हाय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

वर जाऊन ताडपत्री सारली, एक पान तोडून खाल्लं. जरा कडसर. वाईट न्हाय. भाबीला दिलं. तिनं चावलं, इचार केला, म्हणाली, "पाण्यात मिरची बुडवल्यागत, मिरची काढून." तिचं तिलाच हसू आलं.

सलीम उद्या येणार, टब खाली आणणार, मी कट्ट्यावर मांडणार. कुणाला काय पत्ता लागणार न्हाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सलीमचा टरक घाटात अडकलाय. परवा येतो म्हणाला. पोरं उद्या येणार.

टब वरच. किटलीबी वरच, पावसाच्या दिवशी ऱ्हायलेली.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी शेवटचं वर गेलो. डाव्या हातानं पानं खुडली, एखादं तळहाताएवढं, बाकी बोटाएवढी. बुडखं ठेवलं, परत फुटत्यात का बगू. किटली आणायची म्हणून उचलली, पण एक हात कठड्याला, एका हातात पानं. ठेवली परत.

पानं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. ताट काय भरंना. मग देवघरातलं नैवेद्याचं ताट काढलं. भरलं. ताट म्हणालो हुतो, केवढं ते कोण बोललं न्हवतं.

पोरं दिवेलागणीला आली. प्र. नं पाया पडताना मनगट बगितलं.

२० ऑक्टोबर, सोमवार. पयली अंघोळ

प्र. वर गेलाय. तवर लिवतोय. अक्षर डाव्या हाताचं, वाचता आलं तर वाचीन.

अंघोळी झाल्या, फराळाला बसलो. चकली, चिवडा, लाडू, आणि मधी माझं ताट. स्ने. नं हसू दाबून एक पान उचललं, मीठ लावून खाल्लं. दुसरं उचललं. "ताट भरलंय. पंच म्हणून सांगते, आत्ती जिंकल्या."

प्र. नं एक पान घेतलं. उजेडाकडं धरलं. बगत बसला. पोरगं दर सुट्टीला मुडशिंगीत शकूच्या शेतात वाढलंय, कॉम्पुटरवर न्हाय.

"आई, पानाला रंग चांगला हाय. ऊन मिळालेलं हाय ह्येला."

"मिळालं की."

"परसात ऊन येत न्हाय. कट्ट्यावर भाबीची शेरडी बसती. मग ऊन कुटं गावलं?"

"देवीनं दिलेलं रोप हाय. त्येला ऊन लागत न्हाय. शकूला इचार."

एरवी हसला असता. पान तोंडात घातलं, सावकाश चावलं, सगळं गिळलं. हळद लावलेल्या मनगटाकडं बगितलं. मग उठला. "टाकीत पाणी किती हाय बगून येतो."

स्ने. माझ्याकडं बगती. मी लाडवाकडं.

जिना वाजत गेला. वाकड्या पायरीवर थांबला. लई वेळ थांबला. मग वर.

भाबी दारात येऊन हळू आवाजात म्हणती, "गेला काय वर?" मान हलवली. तिनं कपाळावर हात मारला आणि तितंच उंबऱ्यावर बसली. शेरडी तिच्या मागं.

वरनं पाय वाजत्यात, इकडनं तिकडं. ताडपत्री ओढल्याचा आवाज. विटा बाजूला ठेवल्या वाटतं.

आता किटलीचं झाकण वाजलं. टाकीचा नळ सोडला. बंद केला.

गच्चीच्या पाईपातनं परसात पाणी ठिबकाय लागलंय, गढूळ, मातीचं. टबास्नी पाणी घालतोय त्यो.

स्ने. म्हणती, "आत्ती, काय म्हणतील हो आता?" म्हटलं, पंच तू हाईस, मला काय इचारत्यास.

पाणी थांबलं. जिना वाजतोय.